जमिनीची धूप आणि छायाचित्राची साक्ष

मनुष्याची दृष्टि मोठी विलक्षण आहे. उभ्या पिकांत शिरलेलें परकें जनावर तिला दूरच्या बांधावरून दिसतें. परंतु त्याच शेतांतून वर्षानुवर्षें वाहून जाणारी माती पायाशीं असूनहि दिसत नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. जो पालट एकाएकीं होतो तो डोळ्यांत भरतो. जो हळूहळू होतो त्याची डोळ्यांस संवय होऊन जाते. मुलाला रोज पाहणाऱ्या आईला त्याची उंची वाढलेली कळत नाहीं. वर्षानें आलेल्या मामाला ती उंबऱ्यांतच कळते. शेताच्या बाबतींत असा वर्षानें येणारा मामा कोठून आणावयाचा, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. छायाचित्र हें तें काम करूं शकतें, आणि जगांत कांहीं ठिकाणीं त्यानें तें केलेंहि आहे. तें कसें केलें, त्यांत चुका कोणत्या झाल्या, आणि आपल्या शेतांत त्याचा उपयोग कसा करावा, हें क्रमानें पाहूं.

प्रथम थोडा हिशेब करूं. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर चार घनमीटर माती गेली, आणि तिचें वजन पांच टनांच्या वर भरतें. चोरानें रात्रींत आपल्या शेतांतून पांच टन माती गाड्या भरून नेली, तर आपण गांव जागा करूं. पण तीच माती पावसाच्या पाण्यानें नेली तर आपण ‘पाणी गढूळ आलें’ एवढेंच म्हणतों. असा एक मिलिमीटर दरसाल जात राहिला तर पंचवीस वर्षांत एक इंच, म्हणजे एकरीं सुमारें १३० टन माती नाहींशी होते. उलट, खडक झिजून एक इंच नवी माती तयार होण्यास शतकें लागतात. शिवाय जो थर प्रथम जातो तो वरचा, सेंद्रिय द्रव्यानें युक्त, ओल धरणारा असाच असतो. म्हणून हा तोटा खताच्या पोत्यांनीं पुरता भरून निघत नाहीं. बापाच्या हयातींत गेलेला इंच मुलाच्या व नातवाच्या हयातींत परत येत नाहीं, हें ध्यानांत ठेवून पुढील हकीकत वाचावी.

अमेरिकेंतील गवताळ मैदानें

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं उत्तर-दक्षिण पसरलेलीं विस्तीर्ण सपाट मैदानें आहेत. तेथें पाऊस थोडा व अनिश्चित, आणि वारा मात्र अखंड. अशा ठिकाणीं सृष्टीनें आपली व्यवस्था गवताच्या द्वारें लावली होती. आंखूड परंतु दाट गवत, त्याच्या मुळांचें जमिनींत खोल गेलेलें जाळें, आणि त्या गवतावर चरणारे रानगव्यांचे कळप, असें तें एकमेकांस धरून असलेलें कुटुंब होतें. अवर्षणांत गवताचीं पानें वाळत, परंतु मुळें माती सोडीत नसत.

१८६२ च्या कायद्यानें तेथील सरकारनें वसाहतवाल्यांस प्रत्येकीं १६० एकर जमीन देण्यास आरंभ केला. रानगव्यांची कत्तल झाली, तेथील मूळच्या लोकांस हुसकून लावण्यांत आलें, आणि नांगर आला. पहिल्या महायुद्धांत गव्हाचा भाव बुशेलला दोन डॉलरांच्या वर गेला. त्यापाठोपाठ ट्रॅक्टर व तव्यांचे नांगर आले, आणि शतकानुशतकें न फुटलेलीं कुरणें थोड्या वर्षांत उलथीं झालीं. पुढें १९३२ पर्यंत गव्हाचा भाव चाळीस सेंटांच्या आसपास उतरला. भाव पडला म्हणून तोटा भरून काढण्यासाठीं शेतकऱ्यांनीं आणखी जमीन फोडली. हें वाचून आपल्यापैकीं कोणीं हंसूं नये. कर्ज डोक्यावर असलेला मनुष्य कोणत्याहि देशांत असेंच करितो.

१९३१ पासून अवर्षण सुरू झालें. पीक उगवलें नाहीं, गवत तर उरलेंच नव्हतें, आणि उघडी पडलेली भुकटी झालेली माती वाऱ्यानें उचलली. मे १९३४ मध्यें उठलेलें धुळीचें एक वादळ दीड-दोन हजार मैल पूर्वेस जाऊन न्यूयॉर्क व वॉशिंग्टन ह्या शहरांवर आलें, आणि समुद्रांतील जहाजांवरहि धूळ पडली. १४ एप्रिल १९३५ ह्या दिवशीं आलेल्या वादळानें भर दिवसा अंधार केला. तो रविवार तेथें ‘काळा रविवार’ म्हणून प्रसिद्ध आहे. ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सास, कोलोरॅडो व न्यू मेक्सिको ह्या संस्थानांच्या सीमा जेथें मिळतात त्या भागास तेव्हांपासून ‘डस्ट बोल’, म्हणजे धुळीचा वाडगा, असें नांव पडलें. लाखों लोकांनीं त्या मैदानांतील घरेंदारें सोडलीं.

ह्या सुमारास ह्यू हॅमंड बेनेट नांवाचा मृत्तिकातज्ज्ञ धूप थांबविण्यासाठीं कायदा व्हावा म्हणून झटत होता. तो स्वतः कापसाच्या शेतावर वाढलेला, आणि अनेक वर्षें खेडोपाडीं जमिनीची पाहणी केलेला. विधिमंडळाच्या समितीपुढें तो साक्ष देत असतां धुळीचा ढग राजधानीवर येत असल्याची वार्ता त्याला होती, व ढग येईपर्यंत त्यानें आपलें बोलणें लांबविलें, अशी गोष्ट सांगतात. ती कशीहि असो, २७ एप्रिल १९३५ रोजीं मृत्तिकासंरक्षणाचा कायदा झाला व त्याचें स्वतंत्र खातें बेनेटच्या हातीं आलें.

चित्रें काढण्याची योजना

प्रत्येक वादळ राजधानीवर येत नाहीं. खेड्यांतील हानि शहरांतील लोकांस कशी दाखवावयाची हा प्रश्न राहिलाच होता. १९३५ सालीं शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठीं जें सरकारी खातें निघालें, त्यानें रॉय स्ट्रायकर ह्याच्या हाताखालीं छायाचित्रकारांची एक शाखा उघडली. १९३७ मध्यें त्या खात्याचें नांव बदललें, परंतु काम चालू राहिलें. आर्थर रॉथस्टीन, डोरोथिआ लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली इत्यादि मंडळी गांवोगांव हिंडलीं. चित्रें वर्तमानपत्रांना फुकट दिलीं जात. ह्या शाखेच्या व तिच्या मागाहून आलेल्या युद्धकाळांतील शाखेच्या मिळून सुमारें १,७५,००० काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत जपून ठेवलेल्या आहेत.

त्यांतील दोन चित्रें शेतकऱ्यानें अवश्य पाहण्यासारखीं आहेत. पहिलें रॉथस्टीनचें, एप्रिल १९३६ मध्यें ओक्लाहोमांतील सिमारॉन तालुक्यांत काढलेलें. एक शेतकरी व त्याचे दोन मुलगे धुळीच्या वाऱ्यांत वांकून चालले आहेत. धाकट्यानें डोळ्यांवर हात घेतला आहे. मागें अर्धवट पुरलेली खोपी, आणि कुंपणाचे खांब वाळूंत बुडालेले. दुसरें लँग ह्या बाईंनीं १९३८ मध्यें टेक्सासमधील चिल्ड्रेस तालुक्यांत काढलेलें. त्यांत माणूस एकहि नाहीं. ट्रॅक्टरनें काढलेले लांबच लांब तास एका रिकाम्या घराच्या अगदीं भिंतीपर्यंत आले आहेत. अंगण नाहीं, झाड नाहीं, गोठा नाहीं. पहिल्या चित्रांत वाऱ्यानें काय केलें तें दिसतें, दुसऱ्यांत मनुष्यानें काय केलें तें. दोन्हीं शेजारीं ठेवलीं म्हणजे धुळीची सर्व कथा कळते.

ह्या चित्रांमुळेंच धूप थांबली असें म्हणणें खरें होणार नाहीं. कायदा चित्रांच्या आधीं झाला होता. समपातळीवर नांगरट, ताली, पट्टा पद्धतीचीं पिकें, वाईट जमिनीवर पुन्हा गवत, आणि १९३४ पासून १९४२ पर्यंत उत्तर डाकोटापासून टेक्सासपर्यंत वाऱ्याच्या आड लावलेलीं सुमारें बावीस कोटी झाडें, ह्या सर्वांनीं काम केलें. आणि १९४० च्या सुमारास पाऊसहि परतला. तथापि करदात्यांचा पैसा दूरच्या अनोळखी शेतावर कां खर्च करावा, ह्या प्रश्नाचें उत्तर नागरिकांस चित्रांनीं दिलें, एवढें निश्चित.

एका कवटीचें प्रकरण

आतां चुकीचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. कारण साक्षीदार खोटा ठरला म्हणजे खरा दावाहि बुडतो. मे १९३६ मध्यें दक्षिण डाकोटा संस्थानांत रॉथस्टीनला गुराची एक वाळलेली कवटी सांपडली. तिचें चित्र त्यानें भेगाळलेल्या जमिनीवर ठेवून घेतलें, व थोड्याच फुटांवर गवतावर ठेवूनहि घेतलें. तें भेगाळलेलें चित्र अवर्षणाची खूण म्हणून वर्तमानपत्रांत झळकलें. पुढें ऑगस्टमध्यें, निवडणुकीच्या धामधुमींत, एका स्थानिक पत्रानें कवटी हलविल्याचें उघडकीस आणलें, आणि सरकारचें सर्वच सांगणें बनावट आहे असा गिल्ला झाला. त्यांतहि गंमत अशी कीं, ती भेगाळलेली जागा खारवट चोपण होती. तशी जागा पावसाळा चांगला झाला तरी भेगाळतेच. म्हणजे त्या वर्षीं अवर्षण खरें होतें, गुरेंहि खरोखर मेलीं होतीं. परंतु पुरावा मात्र डळमळीत ठरला.

ह्यापासून घ्यावयाचा धडा साधा आहे. चित्रांतील वस्तु हलवूं नये. जागा, दिनांक व जमिनीचा प्रकार लिहून ठेवावा. आणि एका चित्रावरून निष्कर्ष काढूं नये. एकटें चित्र ‘येथें असें आहे’ एवढेंच सांगतें; ‘असें झालें’ हें सांगावयास त्याच जागेचें दुसरें चित्र लागतें.

दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. लँग बाईंनीं १९३६ सालीं कॅलिफोर्नियांत एका मजूर आईचें व तिच्या मुलांचें चित्र घेतलें. तें जगभर गाजलें. परंतु त्या चित्रापासून आपणांस कांहींच मिळालें नाहीं, अशी त्या स्त्रीची तक्रार १९७८ सालीं प्रसिद्ध झाली. दुसऱ्याच्या विपत्तीचें चित्र घेतांना त्याची संमति घ्यावी व त्याला त्याचा उपयोग सांगावा, हें सभ्यतेस धरून आहे.

त्याच जागेवरून दुसरें चित्र

जुनें चित्र घेऊन तें जेथून काढलें त्याच दगडावर पुन्हां उभें राहावयाचें व दुसरें काढावयाचें, ही रीति शास्त्रज्ञांनीं पुष्कळ ठिकाणीं वापरली आहे. त्यांतील दोन उदाहरणें कोरडवाहू शेतकऱ्यास विशेष बोधप्रद आहेत.

पहिलें आफ्रिकेंतील केनिया देशांतलें. नैरोबीपासून जवळच माचाकोस नांवाचा डोंगराळ, कमी पावसाचा प्रदेश आहे. तेथें १९३७ मध्यें मृत्तिकासंरक्षणाचा ब्रिटिश अधिकारी कॉलिन माहेर ह्यानें पाहणी केली. त्या वेळच्या चित्रांत उघडे डोंगर, लाल घळी व झिजलेलीं कुरणें दिसतात. गुरें फार व माणसें फार, म्हणून हा प्रदेश गेला, असा तेव्हांचा समज. सरकारनें गुरें सक्तीनें विकावयास लावलीं, तेव्हां १९३८ मध्यें लोक मोर्चा घेऊन नैरोबीस गेले. वेठीनें करविलेल्या तालीहि लोकांनीं पुढें पुष्कळ ठिकाणीं मोडूं दिल्या.

त्यानंतर अर्ध्या शतकानें संशोधक माहेरच्या वेळचीं चित्रें घेऊन त्याच जागीं गेले. ह्या काळांत तेथील लोकसंख्या सुमारें २,४०,००० वरून १४ लाखांच्या जवळ गेली होती. जुन्या समजाप्रमाणें तेथें वाळवंट दिसावयास हवें होतें. प्रत्यक्षांत त्याच उतारांवर पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें, बांधांवर झाडें व घळींच्या जागीं पिकें आढळलीं. हें संशोधन १९९४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. तेथील शेतकरी चर खणून त्याची माती खालच्या बाजूस न टाकतां वरच्या बाजूस टाकतात. तो बांध वरून येणारी माती अडवितो आणि कांहीं वर्षांत शेत आपोआप सपाट होतें. ही मेहनत त्यांनीं कां केली? कॉफी व भाजीपाल्यास नैरोबीची पेठ मिळाली, शहरांतील पगाराचे पैसे घरीं आले, जमीन आपलीच राहील ही खात्री वाटली, आणि बायकांच्या कामकरी मंडळांनीं एकमेकींच्या शेतांत आळीपाळीनें श्रम केले. त्या प्रदेशाचा प्रत्येक कोपरा सुधारला असें नव्हे. परंतु सक्तीनें न टिकलेला बांध स्वहितानें टिकला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

दुसरें उदाहरण इथियोपियाचें, आणि त्याचा धागा मुंबईशीं जुळतो. १८६७ सालीं तेथील राजा थिओडोर ह्यानें ब्रिटिश वकिलांस कैदेंत ठेवल्यामुळें मुंबई इलाख्याच्या सैन्याचे सेनापति सर रॉबर्ट नेपियर ह्यांच्या हाताखालीं मुंबईहून सैन्य रवाना झालें. त्याबरोबर छायाचित्रें काढणारे अभियंते होते. तिग्राय प्रांतांतील डोंगरांचीं व वाटेंतील गांवांचीं त्यांनीं १८६८ मध्यें काढलेलीं चित्रें आजवर शिल्लक आहेत. सुमारें १४० वर्षांनीं संशोधकांनीं त्या जागा हुडकून पुन्हां चित्रें घेतलीं व २००९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वांचा समज असा कीं, पूर्वीं तेथें घनदाट अरण्य होतें व अलीकडे तें तुटलें. चित्रांनीं निराळेंच सांगितलें. १८६८ मध्येंच ते डोंगर बहुतेक उघडे होते. उलट अलीकडच्या चित्रांत अनेक ठिकाणीं झाडें अधिक आहेत. त्यांत निलगिरीचा वांटा आहेच. शिवाय दगडी बांध व चराई बंद केलेले डोंगर ह्यांचाहि आहे. हा निष्कर्ष त्या तुलनेच्या काळापुरता घ्यावा, कारण २०२० ते २०२२ ह्या वर्षांत तो प्रांत युद्धानें होरपळला.

‘आमच्या आज्याच्या वेळीं येथें सर्व हिरवेंगार होतें’ असें आपणहि म्हणतों. कधीं तें खरें असतें, कधीं नसतें. आठवणीला प्रेमाचा रंग चढतो. चित्राला तो चढत नाहीं. कोठें चित्र आपली हानि दाखवील, कोठें आपण निष्कारण निराश झालों होतों असें दाखवील. दोन्हीं गोष्टी कळणें हिताचें आहे.

आपल्या शेतांत काय करावें

आपल्या देशावरचा पाऊस थोड्या दिवसांत व जोरदार सरींनीं पडतो. भारी काळी जमीन रब्बीसाठीं खरिपांत उघडी ठेवण्याचा परिपाठ पुष्कळ तालुक्यांत आहे. म्हणजे पाऊस सर्वांत जोराचा, तेव्हांच जमीन सर्वांत नागडी. १९३३ च्या सुमारास सोलापूर येथें कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला, १९४२ मध्यें मुंबई इलाख्यांत जमीन सुधारणेचा कायदा झाला, आणि १९७२ च्या दुष्काळांत हजारों मजुरांनीं बांध घातले. हीं कामें झालीं; परंतु आपल्या शेतांतील बांध आज कामाचा आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम आपलें आहे. आतां घरोघर मोबाईल फोनांत कॅमेरा आला आहे, तेव्हां खर्चाची सबब उरली नाहीं. पुढील पद्धत कोणासहि जमण्यासारखी आहे.

(१) जागा निवडणें. चार-पांच ठिकाणें पुरेशीं आहेत: ओघळाचें तोंड, बांधाचा सांडवा, उताराच्या माथ्यावरील पातळ जमीन, चराईचें कुरण, आणि उंचावरून दिसणारें सगळें शेत. चांगलें तेवढेंच निवडूं नये, आणि वाईट तेवढेंहि निवडूं नये.

(२) खूण करणें. उभें राहावयाच्या जागीं दगड रोवून त्यावर रंगानें क्रमांक घालावा. पांच फूट उंचीची काठी तयार करून तिच्या टोंकावर फोन टेकवावा, म्हणजे उंची दरवेळीं एकच राहील. समोर न हलणारी खूण धरावी: डोंगराचें टोंक, देवळाचा कळस, विहिरीची थारोळी. ती खूण दरवेळीं चित्राच्या मध्यभागीं यावी. मागील चित्र बरोबर न्यावें व त्याच्याशीं ताडून पाहावें.

(३) वेळ. वर्षांतून तीनदां: मृगापूर्वीं, श्रावणांत, आणि रब्बी उभी असतांना. सकाळीं, सूर्य पाठीशीं घेऊन. वैशाखांतील चित्राची तुलना वैशाखांतील चित्राशींच करावी. वैशाखांत प्रत्येक रान उजाड दिसतें आणि श्रावणांत प्रत्येक ओघळ गवतानें झांकतो. वैशाख व श्रावण शेजारीं ठेवून ‘सुधारणा’ दाखविणें हें कवटी हलविण्यासारखेंच आहे.

(४) माप. फुटाफुटावर काळे-पांढरे पट्टे मारलेली काठी ओघळांत उभी करून चित्र घ्यावें, म्हणजे खोली व रुंदी चित्रावरच वाचतां येते. ओघळापासून दूर, सपाट उतारावर, लोखंडी सळई ठोकून जमिनीच्या पातळीला तिच्यावर खांच करावी. पुढील वर्षीं खांच जमिनीच्या किती वर आली तें मोजावें. एक मिलिमीटरला एकरीं पांच टन हा हिशेब वर दिलाच आहे. परंतु एका सळईवर भिस्त न ठेवतां आठ-दहा ठोकून त्यांची सरासरी घ्यावी. जुन्या बाभळीचीं वा निंबाचीं उघडीं पडलेलीं मुळें व हद्दीच्या दगडाची उघडी पडलेली बैठक हींहि सृष्टीनेंच ठोकलेल्या सळयांसारखीं आहेत. त्यांचेंहि चित्र घ्यावें.

(५) टिपण. एका वहींत क्रमांक, दिनांक, दिशा, मागील आठवड्यांतील पाऊस, पीक, आणि त्या वर्षीं केलेलें काम लिहावें. टिपण नसलेलें चित्र म्हणजे सही नसलेला दस्तऐवज. फोन हरवतो, बिघडतो. म्हणून वर्षाअखेर चित्रें छापून वहींत चिकटवावीं. फोनमध्यें रंग गडद करण्याच्या सोयी असतात, त्यांस हात लावूं नये.

(६) तुलना. छापील चित्रावर पातळ पारदर्शक कागद ठेवून त्यावर उभ्या-आडव्या दहा-दहा ओळींचीं शंभर घरें आंखावीं. उघड्या मातीचीं घरें किती, गवताचीं किती, झाडांचीं किती, तें मोजावें. ‘बरें वाटतें’ ह्यापेक्षां ‘उघडीं घरें ४२ होतीं, तीं ३० झालीं’ हें बोलणें अधिक भरंवशाचें. मात्र एका वर्षाच्या आंकड्यावरून उड्या मारूं नयेत. चांगल्या पावसाच्या वर्षीं कांहीं न करितांहि गवत वाढतें. तीन वर्षांचे आंकडे, त्यांत एक तरी कोरडें वर्ष असलेले, हातीं आल्यावर मत बनवावें. काम केलेल्या तुकड्याबरोबर काम न केलेल्या तुकड्याचेंहि चित्र ठेवलें म्हणजे पावसाचें श्रेय किती व बांधाचें किती हें निराळें काढतां येतें.

चित्र पाहून काय करावयाचें

चित्रानें दोष दाखविला म्हणजे उपायाची जागाहि दाखविली. ओघळाचें तोंड वर्षावर्षाला वर सरकत असेल तर ओघळांत खालीं बांध घालून भागत नाहीं. वरून येणारें पाणीच आधीं अडविलें पाहिजे. माथ्यावर समपातळीचे चर, त्याखालीं उताराला आडवी नांगरट व पेरणी, मग ओघळांत पायरीपायरीनें दगडी बांध, असा वरून खालीं क्रम धरावा. सांडव्याखालीं खड्डा पडत असेल तर सांडव्यास दगडांचें पिचिंग नाहीं किंवा सांडवा अरुंद आहे. बांधाच्या वरच्या बाजूस पाणी साचून पीक पिवळें पडत असेल तर बांध उंच व निचरा कमी झाला आहे. कुरणांत उघडीं घरें वाढत असतील तर आळीपाळीनें एकेक तुकडा चराईस बंद ठेवावा.

वरच्या शेतकऱ्याचें पाणी खालच्याच्या शेतांत येतें, आणि तेथूनच भांडणें उपजतात. चित्राचा उपयोग शेजाऱ्यावर फिर्याद करण्यासाठीं करूं नये. त्याच्या रानांत चित्र घ्यावयाचें तर त्याला विचारून घ्यावें, त्यालाच प्रथम दाखवावें, आणि सोसायटीच्या किंवा ग्रामसभेच्या बैठकींत सर्व उताराचीं चित्रें माथ्यापासून ओढ्यापर्यंत ओळीनें मांडावीं. अशी ओळ पाहिली म्हणजे जो वरचा तो कोणाच्या तरी खालचा आहे, हें प्रत्येकास दिसतें. माचाकोस येथें सक्तीनें न झालेलें काम जें झालें तें अशाच परस्परांच्या श्रमानें.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. कॅमेरा माती धरून ठेवीत नाहीं; ती गवत धरितें, मूळ धरितें, बांध धरितो. अमेरिकेंतील त्या मैदानांत चित्रें निघालीं तेव्हां माती उडून गेलेली होती; तीं चित्रें हानीनंतरची साक्ष झालीं. आपल्या शेतांत अजून माती आहे. म्हणून आपलीं चित्रें हानीच्या आधींचीं असूं शकतात. येत्या मृगापूर्वीं दगड रोवून पहिलें चित्र घ्यावें, आणि वही मुलाच्या हातीं द्यावी. सातबाऱ्याबरोबर ती वहीहि त्याच्या नांवें राहिली, तर आपण त्याला किती एकर दिले एवढेंच नव्हे, तर त्या एकरांवर किती माती दिली, हेंहि त्याला कळेल.